श्रावणजींचा हात

सकाळपासून पाचवा फोन.

"भाऊ, लेन्स झाली का? सोमवारी जेसीबी येऊन राहिला."

मोहगावचे श्रावणजी, वय सत्तर. त्यांची संत्र्याची बाग डिंक्या रोगाने गेली होती, झाडं उपटायची होती. त्याआधी अख्ख्या बागेचा एक फोटो त्यांना वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याने काढायचा होता. बाग लावली तेव्हाचा फोटो वडिलांनी याच वाइड अँगल लेन्सने, म्हणजे रुंद दृश्य मावणाऱ्या भिंगाने काढला होता. आता त्यात बुरशी धरली होती, म्हणून ते सौंसरला माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आले.

मी लेन्स खोलली, पुसली. फोकसची रिंग परत बसवताना पुन्हा फोन वाजला. या रिंगचे आटे चार-पाच जागी बसू शकतात, बरोबर जागा एकच. खोलतानाच खूण करायची असते. मी केली नव्हती. अंदाजाने बसवली.

त्यांचा कॅमेरा रेंजफाइंडर, त्यात आपण लेन्समधून बघत नाही. वेगळी खिडकी असते. तिच्यात दोन प्रतिमा एकावर एक आल्या की फोकस झाला असं समजायचं. त्या आल्या. खरी तपासणी मात्र फिल्मच्या जागी घासलेली काच लावून होते. त्याला पंधरा मिनिटं लागतात. मी वैतागलो होतो. लेन्स देऊन टाकली.

शनिवारी त्यांनी रोल आणला. मी धुतला. सगळे फोटो धूसर.

"काकाजी, हात हलला असेल."

त्यांनी हाताकडे पाहिलं. "असन बाप्पा. वय झालं आता."

मंगळवारी ते कॅमेरा आणि दुसरा रोल घेऊन आले. रविवारी काढलेला. तोही धूसर. बाग आदल्याच दिवशी गेली होती.

"काकाजी, पुन्हा हात..."

"स्टँडवर ठेवला होता, भाऊ. स्टँडचा बी हात हालते काय?"

मी घासलेली काच लावली. खिडकीत दूरचा मोबाइल टॉवर जुळलेला, काचेवर नुसता डाग. रिंग काढून पुढच्या जागी बसवली. टॉवर स्वच्छ उमटला.

"तुमचा हात नव्हता, काकाजी. माझा होता."

ते म्हणाले, "मी घरी सांगून बसलो, हात कापते म्हणून. पोरानं गाडीची चाबी काढून घेतली. त्याले फोन लावा. मले सांगतलं तसंच सांगा."

लावला. सांगितलं.

नंतर त्यांनी त्याच लेन्सने रिकाम्या शेताचा फोटो काढला. प्रत्येक खड्डा साफ आला.

आता काच लावल्याशिवाय मी लेन्स परत देत नाही. दोष शोधताना गिऱ्हाइकाच्या हाताची पाळी सगळ्यात शेवटी.