अनसूयामावशी युरोपात बोलत होत्या तेव्हा

अनसूयामावशी काल गेल्या. त्यांचं घर पाडलं गेलं, त्यात माझाही हात होता.

नव्वदच्या दशकाचा शेवट. हैदराबादेत मलकपेठेच्या मागे, मुसी नदीच्या काठाला धुणं-इस्त्री करणाऱ्यांची वस्ती होती. मावशी तिथल्या. आजोबा नांदेडकडून आलेले, त्यामुळे घरात मराठी, पण मधेच दखनी "नक्को" यायचं.

नदीकाठाने रुंद रस्ता होणार होता. कर्ज परदेशी बँकेचं.

बुलडोझर दोनदा आला. दोन्ही वेळा मावशी एकट्या समोर जाऊन बसल्या. मग बाकीच्या बायका येऊन बसल्या. बुलडोझर परत गेला.

आम्ही बरकतपुऱ्यातल्या एका खोलीतून वस्ती वाचवायला जगभर फॅक्स पाठवणारी शिकलेली मंडळी. मी दुभाषी. युरोपातल्या संघटना आमच्यासोबत आल्या. बँकेच्या मीटिंगच्या दिवशीच त्यांची मोठी सभा होती. त्यांना बोलायला एक 'अफेक्टेड' बाई हवी होती.

"नक्को पोरी," मावशी म्हणाल्या. "मी गेले तर इथं समोर कोण बसेल?"

"मावशी, तिकडे कर्ज थांबलं की इथे बुलडोझर येणारच नाही."

तीन दिवस मी हेच म्हणत राहिले. शेवटी त्या हो म्हणाल्या.

आम्ही खूश होऊन पेपरात बातमी दिली. फोटोसकट. कधी जाणार, कधी परतणार, सगळं.

पेपर सरकारी ऑफिसातही वाचतात.

सभेच्या दिवशी सकाळी हॉटेलवर फोन आला. हैदराबादेत तेव्हा दुपार झाली होती. वस्ती साफ झाली होती.

आमचे नेते म्हणाले, "भाषण होईपर्यंत त्यांना सांगू नकोस. कोसळतील."

मी नाही सांगितलं.

स्टेजवर मावशी म्हणाल्या, "माझं घर अजून उभं आहे. या, बघा."

मी ते इंग्रजीत सांगितलं. आवाज जराही हलू न देता.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी सांगितलं. मावशी रडल्या नाहीत.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"मग तू मला खोटं बोलू दिलंस."

पुढे बँकेने नियम बदलला. लोकांना विचारल्याशिवाय कर्ज नाही. दुसऱ्या देशांतल्या काही वस्त्या त्यामुळे वाचल्या. आमच्या रिपोर्टमध्ये त्याला विजय म्हटलंय. ते खरंच आहे. मला अजून कॉन्फरन्सला बोलावतात.

मावशींना शहराबाहेर माळावर पत्र्याची खोली मिळाली. धुण्याला पाणी नाही, जवळपास गिऱ्हाईक नाही.

दोन वर्षांनी मी तिथे गेले. दुसऱ्या एका सभेचं आमंत्रण घेऊन. हो, गेले.

त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "आता माझी काय गरज? तूच बोल. तुला माझं सगळं पाठ आहे."

काल त्यांच्या मुलीचा फोन आला. मी विचारलं, "येऊ का?"

"नको मॅडम. कळवायचं म्हणून कळवलं. जुन्या वस्तीतल्या बायका आल्यात. तुम्ही नका येऊ."

मी गेले नाही.

मावशी, माफी मागत नाही. तुम्ही ती दिली नसती, आणि तेच बरोबर होतं.

शेवटचा नमस्कार.