त्या सोमवारची बेचाळीस माणसे

साथ तपासायला शहरातून आलेले डॉक्टर तीन दिवस एकच प्रश्न विचारीत होते : दगावलेल्या अकरा जणांत समान काय? पाणी तीन निरनिराळ्या विहिरींचे, धंदे वेगळे, आपसांत नातेगोते नाही. कुणी बाजाराकडे बोट दाखवी, कुणी वटवाघळांकडे. ताप चढे, डोळे लाल होत, हिरड्यांतून रक्त येई, आणि आठव्या दिवशी कारभार आटोपे. गावातल्या दवाखान्याचे स्वतःचे वृद्ध डॉक्टरही त्याच तापात बेशुद्ध होते. बाहेरची रांग बंद झाली होती. काही सांगू शकेल असे जुने माणूस एकच उरले होते, ते म्हणजे मावशी.

मावशी सव्वीस वर्षे सुई देत आल्या. हात असा हलका की घेणाऱ्याने "द्या आता" म्हणावे आणि मावशींनी "झाली की!" असे उत्तर द्यावे. गोळीवर कुणाचा विश्वास नसे. पोट दुखो वा डोके, सुई घेतल्यावाचून औषध घेतल्यासारखे वाटत नसे. गरोदर बायकांना तर दर सोमवारी ताकदीची सुई ठरलेलीच. सुया मोजून मिळत. मावशी रोज सकाळी पाच काढीत. एकाची झाली की ती कोमट पाण्याच्या वाटीत खळबळीत, स्पिरिटच्या बोळ्याने पुशीत आणि दुसऱ्याला देत. रॉकेल बेताचे, म्हणून उकळणे संध्याकाळी एकदाच. या काटकसरीचा त्यांना अभिमान होता. "नव्या पोरी वर्षाला डझनभर मोडतात," त्या म्हणत, "माझ्या हातून आजवर तीन."

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मृतांची यादी मोठ्याने वाचली. मावशी दाराशी उभ्या होत्या. नावांमागून त्यांना चेहरे आठवेनात, दंड आठवू लागले. भाजल्याचा डाग असलेला दंड शिंपिणीचा. टोचताना थरथरलेला, मास्तरांचा. सातव्या नावाला त्यांना सगळे दंड एकाच बाकावर दिसले. सोळा दिवसांपूर्वीच्या सोमवारी बाकावर पहिला बसला होता तो परगावचा ट्रकवाला, तापाने फणफणलेला. त्याच्यामागे उरलेला सगळा बाक होता, आणि पाच सुया.

स्वयंपाकघरात त्यांची नणंद दवाखान्याचा भात शिजवी. तिने सगळे ऐकून घेतले आणि झाकण आपटले.

"तोंडाला कुलूप लाव, वहिनी. पद्धत कुणाची? आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांची. त्यांच्या माथी मार. ते काही उठून खोटं पाडायला येत नाहीत."

"पद्धत त्यांची. हात माझा होता."

"मग हातालाच विचार, उद्या खाणार काय? या वयात भांडी घासणार का माझ्याबरोबर? मला तर तुझी घासलेली भांडी पुन्हा घासावी लागतील!"

मावशी हसल्या नाहीत. नोकरी जाईल, नाव जाईल, हे त्यांनाही दिसत होते. पण सुई कुणाकुणाला दिली याची नोंद कुणी ठेवीत नसे. त्या सोमवारी बाकावर कोण कोण होते, हे त्यांच्या डोक्यावाचून कुठेच लिहिलेले नव्हते. आणि त्यांतले कितीतरी अजून घरी, एका ताटात जेवत होते.

त्या जाऊन शहरातल्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या आणि सांगून टाकले. डॉक्टरांनी चष्मा काढला. ओरडावे इतकेही त्राण त्यांच्यात नव्हते.

"किती जण होते?"

"लिहून घ्या. बाकाच्या डाव्या टोकापासून सांगते."

ट्रकवाला सोडून बेचाळीस भरले. अकरा गेलेले, नऊ वॉर्डात, बावीस घरी. डॉक्टर म्हणाले, आमची माणसे घरोघर जातील.

"ती तोंड बांधलेली माणसं पाहून लोक मागच्या दारानं पळतील," मावशी म्हणाल्या. "मी जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोळा दारे झाली. एका दारात शिव्या मिळाल्या, एका दारातून अंगावर पाणी आले, एका म्हातारीने काही न समजून आशीर्वाद दिला. तो सर्वांत जड गेला. सतरावे दार सुताराचे होते. तो अंगणात फळी रंधत होता. बायको आठव्या महिन्यात होती.

"या मावशी! ही आत पडलीय, पाय भरून आलेत म्हणते."

"आत येत नाही. ताप आहे का तिला?"

"नाही. का हो?"

मावशींनी सांगितले. सोळा वेळा सांगून वाक्ये गुळगुळीत झाली होती. रंधा थांबला.

"तू दिलीस?"

"मीच."

"आणि तोंड वर करून दारात उभी आहेस? चल, चालती हो!"

"जाते. आधी ऐक. तिला वेगळी खोली, वेगळं ताट. कपड्यांना उघडा हात लावायचा नाही, उकळत्या पाण्यात टाकायचे. सुईनंतर एकवीस दिवसांपर्यंत ताप येऊ शकतो; सतरा झाले, चार राहिले. त्यात ताप आला तर लपवू नकोस, त्याच घटकेला कळव. मग पाहिजे तर मार मला."

सुताराने फळीवरचा भुसा हाताने झाडला, पुन्हा झाडला. तेवढ्यात आतून आवाज आला.

"अहो, मावशी आल्यात का? पुढच्या सुईला कधी येऊ, विचारा ना!"

मावशींनी उत्तर द्यायला तोंड उघडले. सुताराने हातानेच त्यांना थांबवले.

"सुया संपल्यात म्हणतायत," तो आत ओरडला. मग आवाज खाली आणून, मावशींकडे न पाहता म्हणाला, "उद्या किती वाजता येणार ताप बघायला?"

"सकाळी आठला. दारातूनच बघेन."

"आठला या. उशीर करू नका."

मावशींनी मान हलवली आणि पदराने मान पुसली. अजून पाच घरे राहिली होती.