न दुखणारी जागा

आईच्या पोटावर बेंबीच्या डाव्या बाजूला एक जागा होती. तिथे इन्सुलिनची सुई टोचली की तिला दुखायचं नाही. "तितंच दे गं, दुसरीकडं लई हुळहुळतंय," म्हणायची. मीही तिथेच द्यायचे. सकाळी आठच्या आत पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत पोचायचं, त्याआधी तिची साखर तपासायची, सुई, नाश्ता, माझा डबा. एक कटकट तरी कमी झाली म्हणून मला बरंच वाटायचं.

पण साखर काही उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, मग पुन्हा वाढवला. मीटरवरचा आकडा आपला चढलेलाच. मी पार थकले होते आणि चिडायला कोणीतरी हवं होतं. घरात आम्ही दोघीच.

"काय खाल्लंस?"

"काय न्हाई गं."

"मग साखर काय हवेतून आली?"

हे रोजचं झालं. गुळाचा डबा मी कपाटात कुलूपबंद केला. बिस्किटं मोजून ठेवली. एकदा तर तिच्यादेखत तिच्या उशीखाली हात घालून पाहिला. सोसायटीतल्या बायकांना हसत सांगायचे, आमच्या घरात एक चोर आहे, सत्तरीचा, नऊवारीतला. आई ऐकून गप्प बसायची. ते गप्प बसणं मला कबुलीच वाटायचं. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मग कामोठ्याच्या आमच्या दवाखान्यात नवी नर्स आली. तिने आईला आडवं करून पोट चाचपलं आणि मला विचारलं, "ताई, रोज इथेच टोचता काय?" माझी बोटं धरून तिने त्या जागेवर ठेवली. कातडीखाली लिंबाएवढी गाठ लागली, रबरासारखी. एकाच जागी टोचत राहिलं की अशी गाठ धरते, ती म्हणाली. तिथे दुखत नाही, पण औषधही तिथेच अडकतं, रक्तात नीट उतरत नाही. जागा रोज बदलायची, गाठीवर अजिबात टोचायचं नाही. डॉक्टरांनी लगेच डोस कमी केला, कारण चांगल्या जागेतून औषध पुरतं लागू पडलं असतं आणि साखर एकदम खाली गेली असती. जागा बदला, हे पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं, कागदावर पोटाचं चित्र काढून. तो कागद मीच फ्रिजवर चिकटवला होता.

परतताना रिक्षात मी आईचा हात धरला. "आई, चुकलं माझं. तू काही खात नव्हतीस."

ती माझ्याकडे वळली. "खरंच न्हवते ना खात?"

"नव्हतीस गं."

"तू रोज म्हनायचीस. मला वाटाय लागलं, खाऊन इसरत आसंन मी. म्हनून तू कामाला गेलीस की सैपाकघरात पाऊल टाकत न्हवते. तहान लागली तरी."