अपील न केलेली वर्षं

काश्मीरच्या उत्तरेला एका उंच पोस्टवर आमची प्लाटून होती. मी लान्स नायक, गाव औसा तालुक्यात. शिपाई मारुती नांदेडकडचा, उमरीचा. मराठवाड्याचे आम्ही दोघंच, म्हणून बंकरही एकच. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं, मग चहा, हत्यारांची सफाई, गस्त. आमची बोली ऐकून बाकीचे हसायचे. मारुती म्हणायचा, "हसू द्या साब, त्यान्ला काय कळून राहिलंय."

बर्फ वितळायला लागलं की गस्तीची वाट धोक्याची होते. खालचे जुने सुरुंग पाण्याबरोबर सरकतात. त्या दिवशी सगळ्यांत पुढे मी चालणार होतो. निघताना आमच्या रेडिओ ऑपरेटरला ताप भरला. नायब सुभेदारांनी हुकूम बदलला.

"सेट तू घे, मागं राहा. मारुती, लीड."

"जी साब."

नाल्याच्या वळणावर स्फोट झाला. मी उठून बसलो तेव्हा डाव्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मारुती थोडा पुढे पालथा पडला होता. पाठीवरचा सेट चालू होता.

"अल्फा, मी ब्राव्हो. माइन ब्लास्ट. दोन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"ब्राव्हो, कंडिशन सांग. ओव्हर."

मी सरपटत जाऊन मारुतीची नाडी बघितली.

"एक जखमी. ओव्हर."

दुसऱ्याचं सांगायला मला वेळ लागला. पलीकडून कुणी घाई केली नाही.

मिलिटरी हॉस्पिटलात छर्रे काढले, मी युनिटला परतलो आणि पुढे हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. निवृत्त होताना मेडिकल बोर्डानं, म्हणजे लष्करी डॉक्टरांनी, तपासलं. काही महिन्यांनी अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं. गुडघा वयोमानानं झिजला, असं त्यात होतं. अपील करता येत होतं. मी पत्र ट्रंकेत टाकलं. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. ज्या स्फोटात मारुती गेला, त्याचेच पैसे मी महिन्याच्या महिन्याला उचलायचे, हे मनाला पटत नव्हतं. घरी बोललो नाही. उमरीलाही कधी गेलो नाही. त्याच्या बायकोसमोर दोन पायांवर उभं राहायची हिंमत नव्हती.

लातूरला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागलो. साधी पेन्शन आणि तो पगार, यात घर चालायचं. मुलीचं नर्सिंग मात्र फीपायी अर्ध्यात सुटलं. पुढे गुडघा इतका धरायला लागला की जिना चढवेना. नोकरी गेली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हवालदारसाहेब, आत लोखंडाचा तुकडा आहे. हा वयानं येत नसतो."

बायकोनंच, सुनंदानं, वकीलबाई शोधल्या. सैन्यदलाच्या न्यायाधिकरणात अर्ज गेला. बराच काळ तारखा पडल्या आणि निकाल आमच्या बाजूनं लागला. वकीलबाईंनी समजावून सांगितलं.

"पेन्शन चालू होईल. पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची. त्यामागची गेली. तुम्ही वेळेवर अपील केलं असतं तर सगळी मिळाली असती."

औशाच्या गाडीत बसल्यावर सुनंदा म्हणाली, "पोरीचं नर्सिंग सुटलं, तवा ते पत्र तुमच्याजवळ होतं?"

"होतं."

"मला सांगायचं होतं. मी भांडले असते, पर अपील करायला लावलं असतं."

तिचं खरं होतं. मला वाटत होतं मी मारुतीचं काहीतरी फेडतोय. फेडत होती माझी पोर. तिला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या आधी." तिनं माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

थकबाकी खात्यात जमा झाली, त्या आठवड्यात सुनंदा मला घेऊन उमरीला गेली. मारुतीची बायको कमल दारातच भेटली. केस पांढरे झालेले. मी नाव सांगितलं.

"वळखलं भाऊजी. लई वर्सं वाट पाहिली तुमची."

मी सगळं सांगितलं. बदललेला हुकूम, नामंजूर झालेला दावा, न केलेलं अपील. कमलनं विचारलं,

"तुमी पैसे घेतले न्हाईत, म्हून आमचे हे परत आले का?"

"नाही वैनी."

"मंग? पैशाचं काय न्हाई. तुमी यायला पायजे होतं. त्यांच्याजवळ शेवटाला तुमीच होता. मी कुनाला इचारावं?"

सुनंदानं कमलचा हात हातात घेतला. थोड्या वेळानं कमल म्हणाली, "त्यांच्या सामानात एक डबा आला होता. काजू आन बेदाणे, गच्च भरलेला. ते कशाचं हो? मला आजवर उमगलं न्हाई."

मला माहीत होतं. तेवढ्या उंचीवर जवानाला रेशनमध्ये सुकामेवा मिळतो, थंडीत ताकद राहावी म्हणून. मारुती आपला वाटा खात नव्हता. सुट्टीला जाताना घरी न्यायचा म्हणून साठवत होता. पोस्टवर सगळे त्याला चिडवायचे, तो हसून डबा बंद करायचा.

"तुमच्यासाठी होतं वैनी," मी म्हणालो.

कमलनं पदर तोंडाला लावला. मग तिनं लेकाला हाक मारली आणि म्हणाली, "इकडं ये. भाऊजी काय सांगून राहिलेत, ऐक."

तो समोर येऊन बसला. बापासारखाच रुंद कपाळाचा. मी पहिल्यापासून सांगायला लागलो.