खालाच्या बाटलीतलं पाणी

त्या रविवारच्या माडीत पाणी मी घातलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या शुगरपासून प्रॉव्हिडंट फंडापर्यंत सगळं ठाऊक असतं.

गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. पनवेलला खाडीच्या अंगाला एक सरकारमान्य माडी केंद्र होतं. वर पत्रा, खाली दोन बाकडी आणि मागे माडांची वाडी. चालवणारे काका स्वतःच माडावर चढायचे, स्वतःच पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, रसासाठी छाटायचे आणि खाली उतरून स्वतःच विकायचे. सकाळी उतरलेली माडी शहाळ्यासारखी गोड लागे. दुपारपर्यंत ती आंबट होऊन अंगावर येई. उरलेली काका ओतून देत, पण दुसऱ्या दिवशीच्या माडीत कधी मिसळत नसत.

तिकडे खारघरला टॉवर उठत होते आणि प्रत्येक चौकात एसी बार निघत होता. काकांची गिऱ्हाइकं पातळ झाली. "पुढच्या साली परवाना घ्यायचा का नाय, बगू," असं ते एकदा सहज बोलले आणि आम्ही रोजचे चार-पाच जण हातातले पत्ते खाली ठेवून त्यांच्याकडे बघू लागलो. अड्डा गेला तर रविवारी सकाळी घरी बसून करायचं काय? पडदे धुवायचे?

म्हणून मी एक टूम काढली. महिन्याचा पहिला रविवार 'माडी-सकाळ' म्हणून ठरवायचा. ज्यानं त्यानं घरून काहीतरी आणायचं: सुकट, तळलेली मांदेली, चिंबोऱ्यांचा रस्सा, तांदळाची भाकरी. पत्ते, कॅरम, आणि ज्याला कंठ फुटेल त्याचं गाणं. पहिल्या सकाळी वीस माणसं आली, दुसऱ्या सकाळी तीस. एक रिटायर्ड हेडमास्तर माडी पीत नसत, पण कॅरमसाठी यायचे आणि हरले की दोष पावडरीला द्यायचे. मी भलताच फुशारलो. तिसऱ्या खेपेला ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना बोलावलं, वर खारघरच्या एका सोसायटीलाही आमंत्रण धाडलं.

"पन्नास तरी येतील, काका!"

काका कोयती परजत होते. वर न बघताच म्हणाले, "माड काय नळ हाय? तोटी फिरवली का धो धो?"

"जमेल हो."

"माडाला इचार. मला काय इचारतंस?"

त्या रविवारी साठेक जण आले. नऊ वाजता पहिला कॅन संपला. दुसरा अर्धा भरला होता, आणि काका तिसऱ्या माडावर चढले होते. खारघरवाले ग्लास पुढे करून उभे, आमच्या ऑफिसातले साहेब सपत्नीक आलेले. मी मागच्या बाजूला गेलो. पिंपात टँकरचं पाणी होतं, औषधाच्या वासाचं. तीन तांबे त्या कॅनमध्ये ओतले. चहासाठी खिशात सॅकरिनची डबी असायची, त्यातल्या दहा-बारा गोळ्या चुरून टाकल्या आणि पळीनं ढवळलं.

कुणाला काही कळलं नाही. खारघरचा एक गृहस्थ तर घोट घेऊन म्हणाला, "एकदम स्मूथ! ओरिजिनल आहे हे!" मी मान डोलावली.

तेवढ्यात खाला आल्या. मोहल्ल्यातल्या वयस्क बाई, सगळ्यांच्याच खाला, म्हणजे मावशी. त्या माडीला तोंड लावत नसत, पण त्यांच्या सांदणाला माडीच लागे. तांदळाचं पीठ माडीनं फुगवायचं आणि बशीत वाफवायचं. त्यांची बाटली सगळ्यांच्या आधी भरायची, हा काकांचा शिरस्ता. आज गर्दीत ते राहून गेलं होतं.

"काय रे बेटा, मेळा भरलाय का? लवकर भर, घरी पाहुणे यायचेत. मुलाला बघायला."

मुलगा दुबईहून सुट्टीवर आला होता. माडावरून काका ओरडले, "खालाची बाटली भर रं आधी!"

समोर तो एकच कॅन होता. मी बाटली भरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना मी केंद्रावर टेकलो होतो, तेव्हा खाला रिक्षातून उतरल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"पाणी घातलंत भाई तुम्ही. सांदण फुगलंच नाही. व्याह्यांसमोर बशीत चिकट गोळे ठेवले मी."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी बाजूच्या माडावर हात ठेवला. "या माडाची आन, खाला. थेंब नाय घातला." मग माझ्याकडे वळले. "सांग रं, तू व्हतास ना हितं?"

मी म्हणालो, "थंडी आहे ना खाला, थंडीत पीठ फुगत नाही."

खाला माझ्याकडे बघत राहिल्या, मग काकांकडे. "इतकी वर्षं थंडी नव्हती का पनवेलात?" एवढं म्हणून रिक्षात बसल्या.

मुलाचं लग्न त्याच घरी ठरलं, ते छानच झालं. माडी-सकाळीही पुढे दोनेक वर्षं धडाक्यात चालल्या, परवानाही टिकला. एकदा सगळ्यांनी मिळून माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला, काकांच्याच हातून. पण खाला परत आल्या नाहीत. त्या दुकानातलं यीस्टचं पाकीट वापरू लागल्या. काकांनी मात्र त्या दिवशीच्या माडांपैकी एक दोषी धरला. "त्याच्यातच खोट हाय," म्हणाले, आणि त्याच्यावर चढायचं सोडून दिलं. चांगला भरात आलेला माड होता. मी रविवारी त्याच्याच सावलीत कॅरम खेळायचो.

गुडघे गेल्यावर काकांनी केंद्र बंद केलं. आता ते नेऱ्याला लेकीकडे असतात. मी कधीमधी जातो. हवापाण्याच्या गप्पा होतात. खाला ईदला माझ्या घरी सांदणाची बशी पाठवतात, ते मी खातो आणि छान झालंय म्हणून निरोप धाडतो. निरोप खोटा नसतो.

खालांसमोर उभं राहून, काका ऐकत असताना, पाणी मी घातलं होतं हे सांगणं माझ्याकडून राहिलं आहे. दोघंही अजून आहेत, आणि नेरे काही लांब नाही.