रिकाम्या रांगेतला जांभळा रंग

नलिनीताई गेल्या त्याला सहा आठवडे झाले. नेवाशाला, त्यांच्या गावी झालेल्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "स्वतःची चूक चारचौघांत कबूल करणारी बाई!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली... ती चूक माझी होती.

राहुरीजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या प्रमुख, मी सहायक. पिकांवर फवारायची नवी नॅनो पावडर तपासायला आली होती. कण इतके बारीक, की फवारणाऱ्याच्या छातीत खोलवर जातील. मग काय होईल? ते बघायला आम्ही माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशी वाढवायचो, त्यांच्यावर पावडर सोडायचो आणि शेवटी पिवळं द्रावण घालायचो. पेशी जिवंत असल्या की ते जांभळं होतं. छोट्या खळग्यांच्या रांगा असलेल्या माझ्या सगळ्या प्लेट गर्द जांभळ्या निघाल्या! ताईंनी शेतकऱ्यांच्या बैठकीत सांगून टाकलं, धोका दिसत नाही.

फवारणी सुरू व्हायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातानं एक प्लेट पुन्हा लावली. दुपारी एकदम ओरडल्या, "सुरेश, आरं पळत ये!" आनंदात त्यांची गावाकडची बोली उसळायची. "ही रांग बघ. पेशीच न्हाईत हितं, नुसती पावडर हाय. तरी रंग चढलाय की रं!" म्हणजे पावडरच द्रावण जांभळं करत होती, मेलेल्या पेशीही जिवंत दिसत होत्या. "लई गंडवलं हिनं आपल्याला!" ताई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होत्या. लगेच दुसऱ्या पद्धतीनं मोजलं. निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या.

मग त्यांनी नोंदवही उघडली. माझं अक्षर : 'पेशींविना रांग – रंग नाही.' ती रांग मी लावलीच नव्हती. कंटाळा केला आणि लिहून मोकळा झालो. ताईंनी वही मिटली. म्हणाल्या, "बैठक बोलव."

बैठकीत एकानं टोमणा मारलाच, "मागं तर लई खात्रीनं बोलल्या व्हत्या, मॅडम!"

"व्हय दादा, चुकले मी. फवारू नका."

मी शेवटच्या खुर्चीत खाली मान घालून बसलो. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही... विचारतील म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघितली.

गेल्या सोमवारी नवी पावडर आली. आमची विद्यार्थिनी अश्विनी म्हणाली, "सर, अख्खी रांग पेशींविना? वाया नाही का जाणार?" मी ताईंच्या टेबलावरून ती जुनी वही काढली, त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे खोटं आहे. मी लिहिलंय."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "आज नोंदी मी करते, सर."

मी पेन तिच्या हातात दिलं.