भिंगातली वाफ

थंडीच्या दिवसांत बापटकाका कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवून वावरत. तेही कोलकात्यातल्या डमडममध्ये, जिथे जानेवारीत फार तर एक स्वेटर लागतो. आमच्या इमारतीतले बंगाली शेजारी स्वतः माकडटोपी घालून काकांना हसत. काका म्हणायचे, "बॅटरी म्हणजे तान्हं बाळ. गारठली की मान टाकते. अंगाची ऊब दिली की पुन्हा हातपाय हलवते. वर डोंगरात जायच्या आधी मला सवय नको?"

खिदिरपूर बंदरातली नोकरी संपल्यावर ते इथेच राहिले. दर जानेवारीत एकटे दार्जिलिंगकडच्या डोंगरात, संदकफूला जायचे आणि कांचनजंगेचे फोटो आणायचे, ते काकूंसाठी. काकूंना दमा, डोंगर चढणं शक्यच नव्हतं. काका परतले की टीव्हीवर फोटो लागत. "जरा थांबा हो, लगेच पुढे नेऊ नका," काकू म्हणत. घरचं मराठी कानावर पडावं म्हणून मीही तिथे पडीक असे.

एका नोव्हेंबरात मी ऑफिसच्या मित्रांबरोबर तिकडेच निघालो आणि कॅमेरा मागितला. काकांनी तो दिला, सोबत घट्ट बंद होणारी एक पिशवी दिली. "उबदार खोलीत शिरण्याआधी बाहेरच हिच्यात बंद करायचा आणि दोन तास उघडायचा नाही. गार भिंगाला आतली दमट हवा लागली की वाफ धरते. पाहुणा आलाय असं समज. आल्या आल्या त्याला प्रश्न विचारू नयेत."

मी विचारले. मित्रांना फोटो दाखवायची घाई झाली होती. लॉजच्या शेगडीपाशीच पिशवी उघडली. पाच मिनिटांत भिंगाच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं. सकाळपर्यंत ते गेलं, निदान मी तसं धरून चाललो. परत आल्यावर काकांनी विचारलं, "पिशवी वापरलीस ना?" मी म्हणालो, "हो काका." आणि काकूंनी पुढे केलेला लाडू खाल्ला.

जानेवारीत काका जाऊन आले. टीव्हीवर फोटो लागले, तर शिखर ताकात बुडवल्यासारखं फिकट. काकू म्हणाल्या, "धुकं असेल हो."

"नाही गं, लख्ख ऊन होतं."

काकांनी टॉर्च लावून भिंगात पाहिलं. आत बुरशीचं जाळं पसरलं होतं. ते माझ्याकडे वळले, अगदी ओशाळून. "तुलाही असाच दिला होता की काय रे मी? माझीच निगा कमी पडली."

"नाही काका, माझे छान आले," मी म्हणालो. इतका हलकट मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नसेन.

एस्प्लनेडच्या दुरुस्तीवाल्याकडे त्यांच्यासोबत मीच गेलो. "दादा, अंदर तक फैल गया है," त्याने सांगितलं. मी नवा कॅमेरा आणून देतो म्हणालो. काकांनी मान हलवली. "नको. वस्तू सांभाळता येत नाही आता मला. नव्याचंही तेच करीन." पुढचा जानेवारी त्यांनी घरीच काढला, त्याच्या पुढचाही. आज सांगू, उद्या सांगू करत मी ती दोन वर्षं घालवली. मग काका गेले.

तेराव्यानंतर मी काकूंना सगळं सांगितलं. रागावतील, निदान रडतील असं वाटलं होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"त्यांना सांगायचं होतंस रे," त्या म्हणाल्या. "पुन्हा गेले असते ते."